मोरगावची स्कूटर आणि १९१४ चा कायदा

आजचा धागा मोरगावहून सुरू करू. मयूरेश्वराच्या दर्शनाने अष्टविनायकाची यात्रा जिथे आरंभते, त्या देवळाकडच्या रस्त्यावर आता विजेवरच्या स्कूटर आवाज न करता शेजारून निघून जातात. हँडलवर कधीकधी दहावीतला मुलगा असतो. हटकले तर उत्तर ठरलेले : "ही विजेची आहे, हिला लायसन लागत नाही."

हे उत्तर अर्धेच खरे आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी शंभराहून अधिक वर्षे मागे जावे लागते.

विजेचे वाहन म्हणजे आजची नवलाई, हा आपला समज. वास्तविक ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारी जगातली पहिली मोटार विजेवरच धावली होती. वर्ष १८९९, चालक बेल्जियमचा कामीय जेनात्झी. मुंबईत १९०७ साली विजेची ट्राम आली. त्यामुळे १९१४ मध्ये हिंदुस्थानचा पहिला देशव्यापी मोटार वाहन कायदा झाला, तेव्हा त्याच्या व्याख्येत पेट्रोलचे नाव नव्हते, विजेचे होते! विद्युत अथवा यांत्रिक शक्तीने, पूर्णतः वा अंशतः, रस्त्यावर चालणारे ते मोटार वाहन. 'अंशतः' हा शब्द पाहा. पायडल मारता मारता मोटरची मदत घेणारी आजची सायकलही त्यात सापडली असती.

त्याच कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीला सार्वजनिक ठिकाणी मोटार चालवण्यास मनाई केली. नियमभंगाला १०० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा सापडल्यास २०० पर्यंत. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती.

साध्या सायकलीचा संसार निराळा. तिच्यावर नगरपालिकेचा कर असे आणि तो भरल्याची खूण म्हणून बिल्ला मिळे. घरात कोणी वडीलधारे असतील, तर त्यांना बिल्ल्याच्या आठवणी जरूर विचारा.

सायकल आणि मोटार यांच्यामधली सीमा पुढे इंजिनाच्या आकाराने ठरू लागली. १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिकने आणलेली लूना ५० सीसीची. १९८८ च्या कायद्यानुसार आज ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा परवाना सोळाव्या वर्षी मिळतो, आणि चारपेक्षा कमी चाकांच्या, २५ सीसीपर्यंतच्या वाहनाला तो कायदा मोटार वाहन मानतच नाही. पण बॅटरीला सीसी कुठून आणायची?

म्हणून केंद्रीय मोटार वाहन नियमांत नवी मोजपट्टी आली. विजेच्या दुचाकीच्या मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत. या तिन्ही अटी पाळणारे वाहन नोंदणी आणि परवान्यातून सुटते. ते तसे आहे हे अधिकृत चाचणी संस्थेने तपासावे लागते. पुण्यातली एआरएआय ही अशीच एक संस्था. थोडक्यात, सूट मिळते ती मंदपणाला, विजेला नव्हे.

आणि इथेच लबाडी शिरली. चाचणीला मंद वाहन द्यायचे, विकताना मोटरची शक्ती वाढवायची किंवा वेगाचा अटकाव काढून टाकायचा. मे २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तालयाने अशा वाहनांविरुद्ध राज्यभर तपासणी मोहीम काढली. माझ्या मते मुख्य दोष विकणाऱ्याचा; घेणाऱ्याला बहुधा ठाऊकही नसते. कायदाही तसाच तोलतो. २०१९ च्या दुरुस्तीनुसार मान्यतेविना वाहन विकणाऱ्या उत्पादकाला वा विक्रेत्याला प्रत्येक वाहनामागे एक लाख रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद. स्वतः बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद.

वाहन वेगवान ठरले की बाकीचे सारे मागोमाग येते. विनापरवाना चालवण्याचा दंड ५,००० रुपये. चालक अल्पवयीन असेल, तर पालकाला वा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. १९१४ ची शिक्षा दंडाची होती. आजची बापाला तुरुंगापर्यंत नेते.

योगायोग असा की, याच बारामती तालुक्यात पियाज्योच्या कारखान्यात विजेवरच्या तीनचाकी तयार होतात. नोंदणी झालेल्या विजेच्या वाहनाला हिरवी पाटी लागते. मोरगावच्या गाडीवर बारामतीचा एमएच-४२ असतो.

पाटी नसलेल्या स्कूटरची परीक्षा मात्र रस्ताच घेतो. मोरगाव ते जेजुरी सुमारे १७ किलोमीटर. खरोखर सूट मिळालेली स्कूटर तिथे चाळीस मिनिटांच्या आत पोहोचूच शकत नाही.