ठिगळ आणि त्याचा वाचक

सरकारी कचेरीत ज्यांची हयात गेली, त्यांना शुद्धिपत्रकाचा जाच ठाऊक असतो. ‘परिच्छेद ४, ओळ ३ मधील अमुक शब्दांऐवजी तमुक शब्द वाचावेत’, एवढाच मजकूर. मूळ कागद न मागवता अशा एका शुद्धिपत्रकावर मीही एकदा सही ठोकली होती. परिच्छेदाचा आकडाच चुकलेला होता. शुद्धिपत्रकाचे शुद्धिपत्रक काढावे लागले!

संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्यांपुढे हाच प्रश्न उभा राहिला. एकाने सुचविलेला बदल दुसऱ्याने वाचून, पारखून मगच स्वीकारावयाचा, ही त्यांची रीत. या बदलाला ते ‘पॅच’, म्हणजे ठिगळ, म्हणतात. पूर्वी छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवर दुरुस्तीचा तुकडा खरोखरच चिकटवीत, त्यावरून हे नाव पडले.

दोन मजकुरांतील फरक दाखविणारा ‘डिफ’ हा कार्यक्रम अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डग्लस मॅकइलरॉय यांनी सिद्ध केला आणि १९७४ साली युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीबरोबर तो बाहेर पडला. त्याची भाषा थेट शुद्धिपत्रकाची होती: ओळीचा क्रमांक, भर, बदल की वगळणूक हे सांगणारे एक अक्षर, आणि फरक पडलेल्या तेवढ्याच ओळी. यंत्राला हे पुरेसे होते. परंतु मध्यंतरी कोणी आरंभी दहा ओळी घातल्या की पुढचे सारे आकडे खोटे ठरत. आणि बदलाच्या मागेपुढे काय आहे, हे तपासणाऱ्याला दिसतच नसे.

पुढे बर्कले विद्यापीठाच्या युनिक्समध्ये बदलाभोवतीच्या काही ओळी छापणारा घाट आला. १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी ‘पॅच’ नावाचाच कार्यक्रम प्रसृत केला. आकडे सरकले असले तरी तो या भोवतालच्या ओळी हुडकून ठिगळ योग्य जागी बसवी. वाचकाला जी सोय, तीच यंत्रालाही उपकारक ठरली, याची मला मोठी गंमत वाटते.

मात्र या घाटात जुना उतारा आधी आणि नवा मागाहून येई. डोळ्यांना सारखी वरखाली येरझार. १९९० साली वेन डेव्हिसन यांनी दोहोंचा एकच उतारा केला: गेलेल्या ओळीपुढे उणे चिन्ह, आलेल्या ओळीपुढे अधिक. १९९१ च्या आरंभी ग्नू प्रकल्पाच्या डिफमध्ये तो आला, आणि २००५ साली जन्मलेल्या गिटनेही तोच उचलला. लिनक्सच्या नियमावलीत तर ठिगळ पत्राला वेगळे न जोडता पत्राच्या मजकुरातच साधे लिहावे, असा दंडक आहे. कारण तपासणाऱ्याला नेमक्या ओळीखाली शेरा मारता यावा.

तरीही एक तक्रार उरते. सबंध परिच्छेदच नव्याने लिहिला असेल तर उणे-अधिकाच्या ओळी एकमेकींत अशा गुंततात की जुने धड वाचता येत नाही, नवेही नाही. तेथे मला मधला घाटच बरा वाटतो. आपल्या संसदेत दुरुस्ती विधेयकाच्या शेवटी मूळ अधिनियमातील कलमांचे उतारे जोडलेले असतात. त्या पानात बोट ठेवून विधेयक वाचावे लागते खरे, पण जुने कलम तेथे सलग वाचावयास मिळते.