सा कोणता धरता?

आषाढीच्या आधी गावी गेलो होतो. गाव मंगळवेढ्याच्या पुढे, सोलापुराहून एसटीने दोनेक तास. भजनी मंडळाच्या पेटीचा एक सूर बकरीसारखा ओरडत होता. आजोबा म्हणाले, "चाचा आता येत नाहीत रे. डोळे गेले त्यांचे."

तर मंडळी, चाचा म्हणजे मिरजेकडचे पेटीवाले. दरवर्षी वारीच्या तोंडावर मंगळवेढा, सांगोला, जत असं गावोगाव फिरायचे. पिशवीत कानस, पातळ पत्रा, चामड्याचे तुकडे. देवळात पेटी उघडायची, पितळी सुराचं टोक किंचित घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. बास, एवढंच!

"एवढंच" म्हणून मीच बसलो. मोबाईलवर अ‍ॅप घेतलं, एक सूर मोडला (!), पण बाकी सगळे हिरव्या दिव्यावर आणले. रात्री भजन झालं. आजोबा म्हणाले, "लागलीय, पण बसली नाही."

इथे खरा इतिहास आहे. हार्मोनियम 1840च्या सुमारास पॅरिसच्या देबांने केली. मांडी घालून वाजवायची हातपेटी 19व्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी घडवली. पण पेटीत विलायती हिशोब आला : सप्तकाचे 12 सारखे भाग. त्यात गांधार आपल्या षड्जाशी जुळणाऱ्या गांधारापेक्षा सुमारे 14 सेंटने चढा! (सेंट म्हणजे दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग.) सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 साली 22 श्रुतींवर पुस्तक लिहिलं आणि क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर चक्क श्रुती हार्मोनियम करवून घेतली. आकाशवाणीने तर 1940 साली पेटीवर बंदीच घातली, ती 1971 पर्यंत. मींड नाही, श्रुती नाहीत, असे आरोप. खोटे नव्हतेच ते. तरी खेड्यापाड्यातलं भजन पेटीवरच चालू राहिलं.

कसं काय? दुसऱ्या दिवशी चाचांना फोन लावला. माझी सगळी कर्मकहाणी ऐकून त्यांनी एकच विचारलं, "सा कोणता धरता?"

अ‍ॅपने हे विचारलंच नव्हतं! आमचं मंडळ कायम काळी चारमध्ये गातं. चाचा म्हणाले, "मग पांढरी एक थोडी उतरवा. सा आणि ग एकत्र दाबा. आवाजात लाट येतेय ना? लाट थांबेस्तोवर घासा. हळू!" फोन पेटीजवळ धरला. ते तिकडून "अजून... अजून... बस" म्हणत होते. अ‍ॅपचा दिवा लाल झाला. गांधार मात्र षड्जात विरघळला.

देवलांना त्यासाठी नवी पेटी घडवावी लागली. चाचांनी आमच्यासारख्या गावांपुरता तो प्रश्न कानशीने सोडवला होता, कारण कोणतं गाव कुठल्या पट्टीत गातं हे त्यांना पाठ होतं. ती यादी कुठेच लिहिलेली नाही. पुढच्या शनिवारी वही घेऊन मिरजेला जातोय.