अधिकृत पाठ आणि पाठभेद : अँड्रॉइडच्या इतिहासातील एक प्रश्न

भ्रमणध्वनीतील मूळ आज्ञावली बदलण्याचा अधिकार कोणाचा, यंत्र घडविणाऱ्याचा की ते विकत घेणाऱ्याचा, हा प्रश्न सकृद्दर्शनी केवळ तंत्रज्ञांचा वाटतो. परंतु त्याच्या निर्णयाचा परिणाम मराठीच्या लेखनव्यवहारावरही झाला असल्यामुळे भाषेच्या अभ्यासकास त्याची उपेक्षा करता येणार नाही. प्रस्तुत लेखात ह्या वादातील काही प्रमुख टप्प्यांचा संक्षेपाने विचार करावयाचा आहे.

प्रथम संज्ञा स्पष्ट केल्या पाहिजेत. निर्माता यंत्रात जी प्रणाली भरून देतो ती फर्मवेअर होय. तिच्या सुधारित आवृत्त्या तोच वेळोवेळी पाठवितो. ‘रूट’ हे युनिक्स परंपरेतील सर्वाधिकारी वापरकर्त्याचे नाव. हा अधिकार ग्राहकास सामान्यतः दिलेला नसतो. तो हस्तगत करणे म्हणजे दूरध्वनी रूट करणे. अधिकृत प्रणालीच्या जागी इतरांनी रचलेली जी प्रणाली बसविली जाते, तिला कस्टम रॉम म्हणतात. ग्रंथसंपादनाच्या परिभाषेत बोलावयाचे तर पहिला अधिकृत पाठ आणि दुसरा पाठभेद.

अँड्रॉइडवर चालणारा पहिला दूरध्वनी, एचटीसी ड्रीम, ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत विक्रीस आला. पुढच्याच महिन्यात त्यात एक विलक्षण दोष आढळून आला. कळफलकावर टंकलेली अक्षरे पडद्याआड एका सर्वाधिकारी आज्ञास्थानाकडेही जात. ‘रीबूट’ हा इंग्रजी शब्द लिहिला तरी यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होई. अधिकृत सुधारणेने तो दोष तत्काळ दूर केला. पण त्याच दोषाच्या वाटेने रूटचा अधिकार मिळत असल्याने अनेकांनी मुद्दाम जुनी आवृत्ती पुन्हा बसविली. एकाच्या दृष्टीने जे छिद्र, तेच दुसऱ्याच्या दृष्टीने द्वार. पुढील सर्व वादाचे बीज ह्या एका प्रसंगात आहे.

२००९ मध्ये स्टीव्ह कॉन्डिक यांनी सायनोजेनमॉड ही प्रणाली पुढे आणली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात गूगलने त्यांना मनाईपत्र पाठविले. येथे एक भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे. अँड्रॉइडची मूळ संहिता मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झालेली होती. तिच्या वापरास हरकत नव्हती. हरकत होती ती जीमेल, नकाशे इत्यादी गूगलच्या खासगी उपयोजनांच्या वितरणास. ती वगळून प्रणालीचे काम चालू राहिले. पुढे जुलै २०१० मध्ये अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसने, बाहेरची उपयोजने चालावीत म्हणून दूरध्वनीचे कुलूप उघडण्यास स्वामित्वहक्क कायद्यातून सूट दिली.

आता भाषेकडे वळू. अँड्रॉइडच्या आरंभीच्या आवृत्त्यांत देवनागरीची जुळणी यथायोग्य होत नसे. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत. जेथे टंक उपलब्ध असे तेथेही ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर पडे आणि जोडाक्षरे फुटत. टंकांची संचिका संरक्षित विभागात असल्याने रूटविना तेथे नवा टंक घालता येत नसे. शिवाय केवळ टंक घालूनही भागत नसे, कारण वर्णांचा क्रम व संयोग ठरविणारे यंत्रांग प्रणालीच्या गाभ्यात होते. पाठ्यवस्तू तीच राहूनही वाचन अशक्य व्हावे, अशी ही अवस्था होती. प्रणालीच्या भाषांमध्ये मराठीचा समावेश झाला तो २०१४ च्या ५.० ह्या आवृत्तीत, अन्य १४ भाषांसमवेत. म्हणजे मराठी आली ती अधिकृत मार्गानेच, हे मान्य केले पाहिजे.

परंतु ती कोणापर्यंत आली? २०११ च्या अखेरीस निघालेल्या गॅलेक्सी नेक्सस ह्या गूगलच्याच दूरध्वनीस २०१३ मध्ये ४.४ ही आवृत्ती नाकारण्यात आली. १८ महिन्यांची मुदत संपली, हे कारण देण्यात आले. सायनोजेनमॉडने मात्र ती आवृत्ती त्या यंत्रावर आणली. ज्यांची यंत्रे अशा रीतीने मागे राहिली, त्यांना ५.० मधील मराठीही अधिकृतपणे मिळणे शक्य नव्हते. यंत्र धडधाकट असूनही भाषा मिळू नये, हे कालमर्यादेचे फलित होय.

दुसरी बाजूही तितकीच बलवान आहे. २०१५ मध्ये स्टेजफ्राइट हा गंभीर दोष उघडकीस आल्यावर गूगलने मासिक सुरक्षा सुधारणांची प्रथा सुरू केली. रूट केलेल्या यंत्रात घातक आज्ञावलीसही तोच सर्वाधिकार मिळू शकतो. म्हणून पैशाच्या व्यवहाराची अनेक उपयोजने अशा यंत्रावर चालण्यास नकार देतात. पाठभेदही चिरस्थायी नसतात. सायनोजेनमॉडच्या नावावर उभी राहिलेली व्यापारी कंपनी डळमळली आणि डिसेंबर २०१६ मध्ये तिने त्या प्रणालीच्या सेवा बंद केल्या. मुक्त संहिता हाती असल्यामुळेच तिची परंपरा लिनिएजओएस ह्या नावाने पुढे चालू राहिली.

ह्या विवेचनावरून असा निष्कर्ष निघतो की, अधिकृत व अनधिकृत ह्यांतील विरोध तत्त्वाचा जितका आहे तितकाच मुदतीचा आहे. निर्माता यंत्राची जबाबदारी जितकी लवकर सोडतो, तितकी पाठभेदाची आवश्यकता वाढते. युरोपीय संघाने जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमांत, यंत्राची विक्री थांबल्यानंतरही किमान ५ वर्षे प्रणालीच्या सुधारणा उपलब्ध ठेवण्याविषयी तरतूद केली, ती ह्याच जाणिवेतून. ज्या भाषांचा समावेश प्रणालीत विलंबाने होतो, त्यांच्या भाषकांना ही मुदत विशेष महत्त्वाची ठरते.