परग्रहावरचा शत्रु आणि साष्टीचा इतिहास



आजच्या भाषणाचा विषय इतिहासाचा आहे. परंतु त्याचा आरंभ मला एका दूरचित्रवाणी-मालिकेपासून करावयाचा आहे, याबद्दल जाणत्या श्रोत्यांनीं राग मानूं नये. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनवर ‘स्पेस सिटी सिग्मा’ नांवाची एक हिंदी मालिका दाखविली जात असे. अंतराळांत वसलेलें मानवांचें एक ठाणें, त्याचे रक्षणकर्ते कॅप्टन तारा व त्यांचे सहकारी, आणि त्यांच्यावर टपून बसलेला परग्रहावरचा शत्रु जखाकू, एवढा तिचा संसार. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें होतें व १९८२ पासून चित्रांत रंगही आले होते. मोहने येथील चाळींतून आणि कारखान्याच्या वसाहतींतून तोंवर घरोघरीं नाहीं, तरी दर दोन-चार घरांआड एक संच आला होता. त्यामुळें आमच्या शाळेंतील मुलें ही मालिका कोठें ना कोठें बसून पाहतच.

मालिका फसली, असें माझें स्पष्ट मत आहे. त्याचें कारण म्हणून लोक तिच्या नेपथ्याकडे बोट दाखवितात. पुठ्ठ्याच्या भिंती, उगाच उघडमीट करणारे दिवे, आणि अमेरिकेच्या ‘स्टार ट्रेक’ची उघड छाया. तें सर्व खरें. पण त्यासाठीं मी तिला दोष देणार नाहीं. कोंकणच्या दशावतारांत रंगभूमीवर एका बांकापलीकडे कांहीं नसतें, तरी संकासुर आला कीं मुलें आईच्या पदराआड दडतात. खरी उणीव एका विद्यार्थ्यानें बरोबर हेरली. तो सातवींत होता. मधल्या सुटींत त्यानें मला विचारलें, “गुरुजी, त्या जखाकूला आपल्याकडून हवंय तरी काय?” मीं पुढचे कांहीं भाग केवळ या प्रश्नाच्या उत्तरासाठीं पाहिले. मला तें सांपडलें नाहीं. जखाकू दुष्ट होता म्हणून चाल करून येत होता, आणि चाल करून येत होता म्हणून दुष्ट होता!

आतां या कथाप्रकाराचा मूळपुरुष पाहा. एच. जी. वेल्स या इंग्रज ग्रंथकाराची मंगळवासीयांच्या स्वारीची कादंबरी १८९७ मध्यें मासिकांतून क्रमशः आणि १८९८ मध्यें पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. तींतील मंगळवासीयांना काय हवें, हें पहिल्याच प्रकरणांत सांगितलें आहे. त्यांचा ग्रह थंड पडत चालला आहे आणि त्यांना पृथ्वीची ऊब हवी आहे. त्याच ठिकाणीं वेल्स आपल्या वाचकांना टास्मानिया बेटांतील मूळ रहिवाशांची आठवण देतो. युरोपीय वसाहतवाल्यांनीं त्यांचा संहार केला. मग मंगळवासीयांनीं आपल्याशीं तसेंच वर्तन केलें, तर तक्रार कोणत्या तोंडानें करावी? साम्राज्य भरांत असतां एका इंग्रजानें इंग्रजांना हा प्रश्न घालावा, यांतच त्या पुस्तकाचें सामर्थ्य आहे. त्यांतील तीन पायांचीं यंत्रें ही नुसती शोभा. ३० ऑक्टोबर १९३८ रोजीं अमेरिकेंत ऑर्सन वेल्स यानें हीच कथा नभोवाणीवर बातमीपत्राच्या थाटांत सादर केली. त्या रात्रीं देशभर पळापळ झाल्याचें वृत्तपत्रांनीं छापलें, तें पुष्कळसें फुगविलेलें होतें असें पुढें अभ्यासकांनीं दाखविलें आहे.

अमेरिकन दूरचित्रवाणीचीही गत आमच्याहून फार निराळी नाहीं. १९८३ मध्यें तेथें केनेथ जॉन्सन यांची ‘व्ही’ नांवाची लघुमालिका झाली. तींत परग्रहवासी मित्र म्हणून येतात, मदत मागतात, बदल्यांत ज्ञान देऊं करतात. डोळा मात्र असतो आपल्या पाण्यावर आणि आपल्या मांसावर. भय वाटतें तें त्यांच्यापेक्षां, त्यांच्याशीं संगनमत करणाऱ्या शेजाऱ्यांचें. जॉन्सन यांची मूळ संहिता अमेरिकेंत हुकुमशाही आली तर काय होईल, या विषयावर होती. परग्रहवासी तींत मागाहून शिरले. पण जॉन्सन बाजूला झाले आणि १९८४-८५ मध्यें तिची साप्ताहिक मालिका निघाली, तेव्हां उरली ती नुसती मारामारी. एकोणीस भागांत ती आटोपली.

महाराष्ट्रांत या विषयाचें बीज नव्हतें असें नाहीं. जयंत नारळीकर यांनीं १९७४ मध्यें ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनांवानें मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा धाडली, तेथपासून २०२५ मध्यें त्यांचें निधन होईतों मराठींत विज्ञानकथेला मानाचें स्थान मिळालें. त्यांच्या ‘धूमकेतू’ कथेंत संकट आकाशांतूनच येतें. पण तें ज्याच्या दुर्बिणींत प्रथम दिसतें, त्याच्याच घरांत शांतिकर्माचा घाट घातला जातो. आकाशांतलें संकट माजघरांत आणून सोडण्याची ही हातोटी आमच्या मालिकाकारांना साधली नाहीं.

आणि साधावयास दूर कशाला जावयास हवें होतें? मोहन्यावरून वाहणारी उल्हास नदी कल्याणला खाडी होते, ठाण्याशीं वळते आणि वसईच्या किल्ल्यापाशीं समुद्राला मिळते. परचक्र म्हणजे काय, तें कोण कसें आणतो, याचें सगळें शिक्षण या एका पाण्याच्या कांठीं आहे. पोर्तुगीज अमलांत साष्टींतील देवळें पाडलीं गेलीं व उघड धर्मकृत्यांवर बंदी आली, तेव्हां भिवंडीजवळच्या अंजूर गांवच्या गंगाजी नाईकांनीं पेशव्यांकडे गाऱ्हाणें नेलें. म्हणजे येथल्याच माणसांनीं एका सत्तेविरुद्ध दुसऱ्या सत्तेला बोलावून आणलें. १७३७ च्या मार्चांत मराठ्यांनीं ठाणें घेतलें. तेथला किल्ला तेव्हां पुरता बांधूनही झाला नव्हता. मे १७३९ मध्यें चिमाजीअप्पांपुढें वसई शरण आली.

त्याच वर्षीं जुलै महिन्यांत मुंबईकर इंग्रजांचा वकील कॅप्टन इंचबर्ड वसईस आला आणि तह करून गेला. त्यानें मागितलें काय? पेशव्यांच्या मुलखांत व्यापाराची मोकळीक! त्या दिवशीं त्याच्याकडे पाहून कोणालाही जखाकू आठवला नसता. यानंतर पसतीस वर्षें गेलीं. १७७३ मध्यें नारायणराव पेशव्यांचा खून झाला, पुण्यांत फूट पडली, आणि साष्टी परत घेण्यासाठीं पोर्तुगीज आरमार येत असल्याची वार्ता मुंबईस पोंचली. इंग्रजांनीं घाईनें तोफा लावून २८ डिसेंबर १७७४ रोजीं ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला. त्यांचा आरमारी अधिकारी वॉटसन त्या वेढ्यांत प्राणघातक जखमी झाला. (तोच किल्ला पुढें तुरुंग झाला, त्यामुळें आमच्या शाळेच्या सहली त्याच्या तटापर्यंतच जात.) हें घडल्यावर तीन महिन्यांच्या आंत, मार्च १७७५ मध्यें, रघुनाथराव पेशव्यांनीं सुरतेस त्याच इंग्रजांशीं तह केला आणि साष्टी व वसई त्यांना लिहून दिली. मागणारा परका होता, देणारा घरचा. १७८२ च्या सालबाईच्या तहांत वसई परत आली. साष्टी मात्र गेली ती गेलीच.

शेवटचा प्रवेश पुन्हां वसईस झाला. यशवंतराव होळकरांनीं पुण्याजवळ पराभव केल्यावर रघुनाथरावांचे पुत्र दुसरे बाजीराव इंग्रजांच्या आश्रयास गेले. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं त्यांनीं तेथें तहावर सही केली. पेशव्यांच्या रक्षणासाठीं इंग्रजांचें सहा हजार पायदळ त्यांच्या मुलखांत कायमचें राहावयाचें होतें, आणि त्याच्या खर्चासाठीं २६ लक्षांच्या उत्पन्नाचा मुलूख पेशव्यांनीं तोडून द्यावयाचा होता. तेथून अवघ्या सोळा वर्षांत पेशवाई संपली.