वाळवंटी घळीतला गारठा

युटा आणि ॲरिझोनाच्या सीमेवरची पारिया कॅन्यन ही सुमारे ३८ मैलांची, म्हणजे ६१ किलोमीटरची वाट. व्हाइट हाऊस नावाच्या आरंभस्थळापाशी नदीच्या पात्रात उतरायचं आणि चार-पाच दिवसांनी कोलोरॅडोच्या काठी लीज फेरीला बाहेर पडायचं. पावसाळी पुरांचा मोसम सरलेला आणि कॉटनवुडची पानं पिवळी पडलेली असल्यामुळे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरची सुरुवात हा काळ इथे उत्तम. सह्याद्रीत तयार झालेल्या ट्रेकरच्या दोन सवयी मात्र इथे अंगाशी येतात: सुती कपडे आणि ओल्या बुटांबद्दलची बेफिकिरी.

इथला गारठा एका प्रकारचा नाही, हे आधी समजून घ्यावं. हवेतली वाफ जमिनीतून निघणारी उष्णता अडवून धरते. वाळवंटी हवेत ती फारच थोडी, म्हणून निरभ्र रात्री जमीन आपली ऊब थेट आकाशाकडे सोडून देते. पण त्यासाठी वर मोकळं आकाश हवं. घळीच्या वरच्या भागात, बकस्किन गल्चचा फाटा मिळतो त्या परिसरात, भिंती इतक्या जवळ येतात की आकाशाची चिंचोळी पट्टीच उरते. तिथली रात्र उघड्या पठारावरच्या रात्रीइतकी कडक नसते. अडचण दिवसाची असते. तळाशी ऊन जेमतेम पोचतं, त्यामुळे भिजलेलं काही वाळत नाही. खालच्या टप्प्यात पात्र रुंदावलं की उलट होतं: दुपारी अंगातलं जाकीट काढावं लागतं आणि पहाटे तंबूवर दहिवर गोठलेलं दिसतं. थंड हवा जड असल्यामुळे उतारांवरून घरंगळत पात्रात साचते. म्हणून मुक्काम पाण्यालगतच्या वाळूवर न करता थोड्या उंचावरच्या सपाटीवर करावा. अचानक आलेल्या पुरापासूनही हीच जागा वाचवते.

जवळच्या पेज किंवा कानाब गावाचा हवामान अंदाज जरूर पाहावा, पण त्यात पाण्याचा हिशेब नसतो. पारियात नदी पुन्हा पुन्हा ओलांडावी लागते. पाय दिवसभर ओलेच राहतात. पाण्याची उष्णतावाहकता स्थिर हवेच्या जवळजवळ २४ पट आहे, त्यामुळे १० अंशांची हवा सुसह्य वाटते आणि तितकंच थंड पाणी काही मिनिटांत बोटं बधिर करतं. पायात जाळीचे, पाणी निथळणारे बूट आणि निओप्रीनचे मोजे हवेत. निओप्रीन पाय कोरडे ठेवत नाही, फक्त आत शिरलेलं पाणी अडकवून अंगाच्या उष्णतेने कोमट ठेवतं. बकस्किनमधून येणार असाल तर तिथल्या डोहांना ऊन माहीतच नसतं, आणि पाणी कधी कधी छातीपर्यंत असतं. तिथे वेटसूटला चैन म्हणू नये. कपडे लोकरीचे किंवा सिंथेटिक असावेत. सुती कापड पाणी धरून ठेवतं, आणि ते पाणी अंगावर वाळताना शरीराचीच उष्णता खर्च होते.

रात्रीचा विचार लोक कमी करतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथे दिवस जेमतेम साडेदहा तासांचा असतो. घळीत सूर्यास्ताआधीच सावली पडते. शेकोटीला परवानगी नाही. म्हणजे पिसांचं जाड जाकीट लागतं ते चालताना नव्हे, तर बसून राहण्याच्या लांबलचक संध्याकाळी. स्लीपिंग बॅगवर दोन आकडे छापलेले असतात: आरामाचा आणि मर्यादेचा. दुसरा आकडा अंग मुडपून कशीबशी रात्र काढणाऱ्या माणसाचा आहे. निवड पहिल्यावरून करावी. तरीही बॅग एकटी पुरत नाही, कारण अंगाखाली तिचा भराव दबतो आणि त्यातली हवा निघून जाते. खालून येणारी थंडी मॅटच अडवते, म्हणून मॅटचा आर-मूल्याचा (उष्णतारोधाचा) आकडा चारच्या आसपास तरी असावा, असं माझं मत.

दोन बारीक गोष्टी, पण सकाळी नऊपर्यंत खोळंबून ठेवणाऱ्या. स्टोव्हच्या गॅसमधलं ब्युटेन शून्याच्या किंचित खाली वायुरूप होणं थांबवतं; आयसोब्युटेन मात्र उणे ११ अंशांपर्यंत साथ देतं. डब्यावरची मिश्रणाची ओळ वाचूनच तो घ्यावा, आणि पहाटे वापरण्याआधी थोडा वेळ जाकिटात ठेवावा. पोकळ तंतूंचा पाण्याचा फिल्टर एकदा वापरल्यावर गोठला तर आतून फाटू शकतो आणि ते बाहेरून कळतही नाही. त्याची रात्रीची जागा बॅगेत, पायाशी. नदीचं पाणी गढूळ असतं, गाळाने फिल्टर लगेच तुंबतो. शक्यतो झऱ्यांवरच भरून घ्यावं.

झोपताना घालायचे मोजे आणि कपड्यांचा एक जोड जलरोधक पिशवीत वेगळा बांधावा आणि दिवसा कितीही हुडहुडी भरली तरी तो घालून पाण्यात उतरू नये. सॅकचं वजन कमी करायचंच असेल तर कॅमेऱ्याची जादा लेन्स काढा, दिवसाचे जादा कपडे काढा. मॅट, कोरडे मोजे आणि तो कोरडा जोड काढू नका.