पॅड थाई: एका सरकारी पदार्थाची जन्मकथा

थाई रेस्टॉरंटमध्ये गेल्यावर आपल्यापैकी बरीच मंडळी मेनू न उघडताच पॅड थाई मागवतात. चिंचगुळासारखी आंबटगोड चव, वर भरडलेले शेंगदाणे, बाजूला लिंबाची फोड! मराठी जिभेला हे सारे ओळखीचे वाटते. बँकॉकच्या रस्त्यांवर शेकडो वर्षे हाच पदार्थ विकला जात असावा, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात आजच्या स्वरूपातील पॅड थाई अजून शंभरीचीही नाही. आणि ती घराघरांत पोहोचली, त्यामागे एका पंतप्रधानाचा राष्ट्रवाद होता.

याचा पहिला पुरावा नावातच आहे. आपण कधी भाकरीला 'मराठी भाकरी' म्हणतो का? स्वतःच्या घरच्या पदार्थाला कोणी स्वतःचे नाव लावत नाही. या पदार्थाचे पूर्ण नाव 'कुऐतिआव फाट थाई', म्हणजे 'थाई पद्धतीने परतलेल्या नूडल्स'. त्यातला 'कुऐतिआव' हा तांदळाच्या नूडल्ससाठीचा शब्द दक्षिण चीनमधून आलेल्या लोकांचा. कढईत मोठ्या आचेवर भराभर परतण्याची रीतही त्यांचीच. मूळ चिनी असल्यामुळेच 'थाई' हे विशेषण मुद्दाम जोडावे लागले.

ते जोडण्याची गरज का पडली, हे समजण्यासाठी त्या काळात जायला हवे. १९३२ च्या क्रांतीने सयाममधील राजाची अनियंत्रित सत्ता संपली. १९३८ मध्ये लष्करी अधिकारी प्लेक फिबुनसोंगख्राम पंतप्रधान झाले. देशाला आधुनिक आणि एकजिनसी राष्ट्र बनवण्याचा त्यांनी ध्यास घेतला. १९३९ ते १९४२ या काळात त्यांच्या सरकारने बारा सांस्कृतिक फर्माने काढली. पहिल्याच फर्मानाने २४ जून १९३९ रोजी सयामचे थायलंड झाले. पुढच्या फर्मानांत स्वदेशी माल वापरा, राष्ट्रगीताला उभे राहा, पोशाख नीट ठेवा, असे आदेश होते. लोकांनी हॅट घालावी असा आग्रह सुरू झाला आणि विडा खाण्यावर बंदी आली! आपल्या आजीला कोणी पानाचा डबा बंद करायला सांगितला असता तर काय झाले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी.

याच काळात सरकारने नूडल्सचा प्रचार केला. लोकांनी नूडल्स खाव्यात, थाई लोकांनी त्या विकाव्यात, देशातच पिकलेला माल वापरावा, असा उपदेश होता. महायुद्ध सुरू होते, १९४२ मध्ये बँकॉकला मोठा पूर आला आणि तांदळाची टंचाई भासू लागली. पिठाच्या नूडल्स केल्या की तांदूळ पुरवून वापरता येतो, असेही एक कारण सांगितले जाते.

या कथेला एक कडवट बाजू आहे. हेच सरकार तेव्हा चिनी वंशाच्या रहिवाशांवर निर्बंध लादत होते. त्यांच्या शाळा बंद झाल्या, अनेक धंदे थाई नागरिकांसाठी राखून ठेवले गेले. म्हणजे माणसे परकी ठरली आणि त्यांची कढई राष्ट्रीय झाली. परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा भाग विसरू नये. आपले जेवण आवडणे आणि आपण आवडणे, या नेहमी एकच गोष्टी नसतात.

'अस्सल' या शब्दाचा हट्टही इथे टिकत नाही. पॅड थाईतले शेंगदाणे आणि मिरची मूळची अमेरिका खंडातली. आपला वडापाव तरी कुठे वेगळा आहे? बटाटा आणि मिरची त्याच खंडातून आली, आणि 'पाव' हा शब्द पोर्तुगीजांचा. तरीही तो अस्सल मुंबईचा आहे, यावर वाद नाही.

अमेरिकेत ज्या १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने मराठी डॉक्टर-इंजिनिअरांना दार उघडले, त्याच कायद्याने थाई लोकांनाही उघडले. चिंच सहज मिळत नसे तेव्हा इथल्या काही पाककृतींत चक्क केचप आले. आता ती तडजोड करण्याचे कारण नाही. चिंच आणि गूळ आपल्या घरात असतातच. ताडगूळ मिळाला तर उत्तम. फिश सॉस, मोड आलेले मूग आणि खारवलेला मुळा चिनी दुकानात मिळतो. सुकवलेल्या कोळंबीऐवजी कोकणातल्या मंडळींनी खुशाल सोडे वापरावेत. शाकाहारी लोकांनी फिश सॉसऐवजी सोया सॉस घ्यावा आणि टोफू थोडा वाढवावा.

चिंचेचा कोळ, गूळ आणि फिश सॉस साधारण समप्रमाणात घेऊन मंद आचेवर एकजीव करावे. नूडल्स उकळू नयेत. साध्या पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवाव्यात. वाकतील, पण दाताला लागतील इतपतच. उरलेले शिजणे कढईत सॉसबरोबर होते.

घरी हा पदार्थ बिघडतो तो बहुधा उष्णतेच्या गणितात. रस्त्यावरच्या गाडीची शेगडी आपल्या घरच्या बर्नरपेक्षा खूप जास्त उष्णता देते. आपण चार जणांचा ऐवज एकदम ओतला की कढई थंड पडते आणि सुटलेले पाणी पुरेशा वेगाने उडत नाही. पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या वर फारसे जात नाही, म्हणून नूडल्स परतल्या न जाता वाफवल्या जाऊन त्यांचा गोळा होतो. उपाय सोपा आहे: एका वेळी एक किंवा दोनच वाढण्या कराव्यात. कढई आधी चांगली तापवावी, टोफू, कोळंबी, नूडल्स, सॉस, शेवटी अंडे, मोड आणि लसणाची पात, या क्रमाने पाच मिनिटांत काम संपवावे. पाहुणे खोळंबले तरी चालतील.

आणि चव पूर्ण लावून वाढू नये. थायलंडमध्ये ताटलीबरोबर साखर, मिरचीची पूड, शेंगदाणे आणि लिंबू वेगळे देतात. प्रत्येकजण आपापल्या जिभेप्रमाणे मिसळून घेतो. पंतप्रधानांनी देशाला नवे नाव दिले आणि लोकांचा विडा बंद केला, पण ताटलीत साखर किती घालायची, हे मात्र खाणाऱ्याच्याच हाती राहिले.