नागपाड्यातले बालमार्गदर्शन

मुलांच्या मनाचे प्रश्न वस्तीत जाऊन हाताळायचे, ही कल्पना हल्ली नवी म्हणून मांडली जाते. मुंबईपुरते तरी ते खरे नाही. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी नागपाड्याच्या कष्टकरी वस्तीत ‘नेबरहूड हाउस’ चालवले. त्यांच्याच पुढाकाराने १९३६ मध्ये तिथे समाजकार्याची शाळा सुरू झाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. १९३७ मध्ये या शाळेने बालमार्गदर्शन केंद्र काढले. म्हणजे हे काम वेड्यांच्या इस्पितळातून वस्तीत आले नाही, ते वस्तीतच सुरू झाले. त्याची पद्धतही तशीच होती. डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ यांच्या बरोबरीने समाजकार्यकर्ता बसे. मूल कुठे निजते, बाप कोणत्या पाळीला असतो, मार कोणाचा बसतो, हे घरी गेल्याशिवाय कळत नाही, हे त्या पद्धतीने गृहीतच धरले होते.

हे सगळे परदेशी कलम, आपल्याकडे आजी-आजोबा होतेच की, असा आक्षेप निघतो. कलम परदेशी होते, यात वाद नाही: शिकागोत विल्यम हीली यांनी १९०९ मध्ये बाल न्यायालयात येणाऱ्या मुलांसाठी असे केंद्र काढले होते. पण कोकणातून, घाटावरून गिरणीत आलेल्याची आजी गावीच राहिली होती, आणि मुंबई इलाख्यात बालकांचा कायदा १९२४ मध्येच करावा लागला होता. ओसरीवरच्या आजीचे गोडवे गाणारे हे सोयीस्कर विसरतात. खरी उणीव वेगळी होती, असे मला वाटते. न्यायालयाच्या सावलीत वाढलेल्या या पद्धतीला चोरी करणारा, पळून जाणारा मुलगा चटकन दिसे; गप्प बसणारी मुलगी कोणाच्या डोळ्यांवर येत नसे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: पदवी नसलेल्याच्या हाती मुलाचे मन कसे सोपवायचे? गोव्यात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने याची रीतसर चाचणी घेतली, तीही बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी शाळांत. २०१८ मध्ये निष्कर्ष आले. प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांनी कार्यक्रम चालवला तिथे मुलांचे नैराश्य आणि दांडगाई कमी झाली. शिक्षकांनी तोच चालवला तिथे फरक पडला नाही. गुण देणाऱ्या, शिक्षा करणाऱ्या माणसापाशी मूल मन उघडे करत नसावे. प्रश्न पदवीचा कमी, खुर्चीचा जास्त दिसतो.